मांजर लिटर बॉक्सबाहेर घाण करते तेव्हा : कारण शोधण्यापासून सवय परत लावण्यापर्यंत

घरातले मांजर गादीवर, पायपुसण्यावर किंवा धुण्याच्या ढिगावर लघवी करू लागले की बहुतेक घरांत पहिला निष्कर्ष एकच निघतो, की ते मुद्दाम करते आहे. मग कोणी त्याचे नाक त्या जागेवर घासतो, कोणी चापट मारतो, आणि आठ दिवसांत मांजर माणसापासून लपून घाण करायला शिकते. शिक्षेचा संबंध मांजर आपल्या लघवीशी जोडत नाही, शिक्षा करणाऱ्या माणसाशी जोडते. मांजराने लिटर बॉक्स, म्हणजे शी-लघवीसाठी वाळूसारखे शोषक ‘लिटर’ भरून ठेवलेला बॉक्स, सोडण्यामागे जवळजवळ नेहमी चारांपैकी एक कारण असते : दुखणे, बॉक्समधली अडचण, बॉक्सची जागा किंवा घरातला ताण. ही कारणे याच क्रमाने तपासावीत, असा माझा आग्रह आहे, कारण दुखणे असलेल्या मांजरासाठी नवा बॉक्स आणि नवे लिटर आणण्यात जे दिवस जातात ते कधीकधी परत मिळत नाहीत.

पहिली पायरी : शरीर

आमच्या जळगावच्या घरी भुऱ्या नावाचा बोका होता. एका मे महिन्यात तो दर दहा मिनिटांनी मोरीत जाऊन बसू लागला, कुंथू लागला आणि मागचा भाग सारखा चाटू लागला. उन्हाळ्यात पोट कडक झाले असेल, अशी आमची समजूत झाली, म्हणून त्याला तूप चाटवले आणि रात्र जाऊ दिली. सकाळी तो उलट्या करून निपचित पडला होता. त्याला बद्धकोष्ठ नव्हते, त्याची लघवी पूर्ण अडली होती. डॉक्टरांनी नळी घालून मूत्राशय रिकामे केले आणि तो वाचला, पण ती रात्र आम्ही वाया घालवली, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून हे सर्वांत आधी लिहितो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि सूक्ष्म स्फटिक व चिकट द्रव यांच्या बुचाने तो बंद होऊ शकतो. मूत्र अडले की रक्तातले पोटॅशियम वाढते, त्याचा परिणाम हृदयावर होतो आणि २४ ते ४८ तासांत मृत्यू येऊ शकतो. बोका वारंवार बसतो आहे, ओरडतो आहे, आणि थेंबच पडतो किंवा काहीच पडत नाही, असे दिसले तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे. खानदेशातले बरेचसे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गायी, म्हशी, बैल आणि शेळ्यांसाठी चालतात, त्यामुळे बोक्याला नळी घालण्याची सोय कोणाकडे आहे, हे आजार येण्याआधीच फोन करून विचारून ठेवावे. जळगाव-धुळ्यात राहणाऱ्यांचे त्यातल्या त्यात बरे. धडगाव किंवा अक्कलकुव्याकडे राहणाऱ्यांनी नंदुरबारच्या आणि गरज पडल्यास सुरतेच्या डॉक्टरांचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवला तर अपरात्री धावपळ वाचते. वाटेत घरातली वेदनाशामक गोळी देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे आणि माणसाच्या एका गोळीनेही ते दगावू शकते.

प्रत्येक दुखणे इतके तातडीचे नसते. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे जंतुसंसर्ग नसताना मूत्राशयाला येणारी सूज. ताणाने ती उफाळते. लघवी थोडी-थोडी, वारंवार आणि क्वचित रक्तमिश्रित होते. ही सूज बऱ्याचदा आठवडाभरात आपोआप ओसरते, त्यामुळे त्या आठवड्यात जो उपाय केला असेल त्याचाच गुण आला, असे घरातल्यांना वाटते आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्रास परत येतो. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग तुलनेने कमी असतो, म्हणून मूत्रतपासणीशिवाय प्रतिजैविक सुरू करण्याचा हट्ट डॉक्टरांकडे धरू नये. म्हाताऱ्या मांजरात मात्र मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, थायरॉइडची वाढ आणि संधिवात यांचा विचार करावाच लागतो. पहिल्या तिन्हींत मांजर जास्त पाणी पिते आणि लघवीही जास्त करते, तर संधिवात झालेल्या मांजराला बॉक्सची कड ओलांडणेच जड जाते.

शी बाहेर होत असेल तर आहाराकडे आधी पाहावे. आपल्याकडे मांजराला दूध-पोळी किंवा दूध-भाकरी घालण्याची पद्धत जुनी आहे आणि ती प्रेमापोटीच आहे, परंतु बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पोट बिघडलेले मांजर बॉक्सपर्यंत पोहोचू शकत नाही. उलट शी कडक होऊन बॉक्समध्ये दुखले असेल तर त्या दुखण्याचा दोष ते बॉक्सलाच देते, आणि बद्धकोष्ठ बरे झाल्यावरही बॉक्सकडे फिरकत नाही. अशा वेळी वेगळ्या आकाराचा बॉक्स वेगळ्या जागी ठेवल्याने पुष्कळदा काम होते.

डॉक्टरांकडे जाताना एका वहीत चार दिवसांची नोंद करून न्यावी : मांजर किती वेळा गेले, कुठे गेले, लिटरमध्ये लघवीचा गोळा केवढा झाला होता, पाणी किती प्यायले. निरोगी मोठे मांजर साधारणपणे दिवसातून दोन ते चार वेळा लघवी आणि एकदा शी करते. मांजराला दिवसाला दर किलो वजनामागे सुमारे ५० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे चार किलोच्या मांजराला २०० मिलिलिटर, आणि त्यात अन्नातले पाणीही धरलेले असते. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के पाणी असते, तर ओल्या अन्नात पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर असल्याने कमी पाणी पिणे आणि मूत्र घट्ट करणे त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. खानदेशच्या उन्हाळ्यात फक्त दाण्यांवर ठेवलेल्या बोक्याच्या बाबतीत हीच गोष्ट नडते. दाण्यांत कोमट पाणी घालावे, उकडलेल्या कोंबडीचे मीठ-मसाला-कांदा-लसूण नसलेले पाणी द्यावे, आणि पसरट तोंडाची पाण्याची भांडी घरात तीन-चार ठिकाणी ठेवावीत.

दुसरी पायरी : लघवी की खूण?

डॉक्टरांनी शरीर ठीक असल्याचे सांगितल्यानंतर एक प्रश्न उरतो. मांजर खाली बसून सपाट जागेवर भरपूर लघवी करते, की उभे राहून, शेपटी ताठ करून थरथरवत, भिंतीवर किंवा कपाटाच्या कडेवर थोडीशी पिचकारी मारते? पहिला प्रकार बॉक्सशी निगडित असतो. दुसरा हद्दीची खूण असते आणि त्यासाठी बॉक्स बदलून फारसा फरक पडत नाही. निर्बीजीकरण न झालेल्या बोक्यांत ही सवय सर्रास दिसते आणि शस्त्रक्रियेनंतर दहापैकी सुमारे नऊ बोक्यांत ती थांबते किंवा खूप कमी होते. माजावर आलेल्या मांजरीही अशा खुणा करतात. निर्बीजीकरण झालेले मांजर पिचकारी मारू लागले तर ती जागा नीट पाहावी. खिडकी, मागचे दार किंवा जिना अशा जागी खुणा असतील तर बाहेरचा एखादा बोका तिथे येऊन जात असण्याची शक्यता मोठी. गल्लीतल्या घरांत जाळीच्या खिडकीपलीकडे ओट्यावर बसणारा बोका घरातल्या मांजराची झोप उडवतो. खिडकीचा खालचा भाग कागदाने झाकणे आणि बाहेर ठेवले जाणारे खरकटे उचलणे, हे दोन उपाय स्वस्त आहेत आणि लागू पडतात.

तिसरी पायरी : बॉक्स आणि त्यातले लिटर

दुकानात ‘लिटर बॉक्स’ म्हणून मिळणारे बहुतेक बॉक्स लहान असतात. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट लांबी हवी, म्हणजे साधारण मोठ्या मांजरासाठी ७० सेंटिमीटरच्या आसपास. एवढा बॉक्स महाग पडत असेल तर कपडे ठेवण्याचा मोठा प्लास्टिकचा टब घेऊन एका बाजूची कड कापून दहा सेंटिमीटरवर आणावी आणि कापलेली धार घासून बोथट करावी. म्हाताऱ्या मांजरासाठी ती कड पाच-सहा सेंटिमीटरच ठेवावी. लहान पिल्लांना बांधकामाचे प्लास्टिकचे घमेले उत्तम चालते, मात्र मोठ्या बोक्याला त्यात वळता येत नाही आणि मग त्याचे पुढचे पाय आत, मागचा भाग बाहेर राहतो. ‘बॉक्समध्ये जाते पण बाहेरच करते’ ही तक्रार अनेकदा एवढ्यानेच मिटते. झाकणाचा बॉक्स माणसाला आवडतो, कारण घाण दिसत नाही. पण आत वास कोंडतो, आणि घरात दुसरे मांजर असेल तर दारातच गाठले जाण्याची भीती असते. त्रास सुरू असताना झाकण काढून ठेवावे.

लिटरच्या बाबतीत बहुसंख्य मांजरे बारीक, वाळूसारखे, गुठळी धरणारे आणि बिनवासाचे लिटर पसंत करतात. हे बहुधा बेंटोनाइट मातीचे असते आणि ही माती आपल्या शेजारच्या गुजरातेत, कच्छमध्ये, मोठ्या प्रमाणावर निघते. लॅव्हेंडर किंवा लिंबाच्या वासाचे लिटर माणसाच्या नाकासाठी बनवलेले असते. मांजराच्या तीक्ष्ण नाकाला तो वास असह्य होऊ शकतो. थर पाच ते सात सेंटिमीटर ठेवावा. पिल्ले दिसेल ते तोंडात घालतात, म्हणून अगदी लहान पिल्लांना गुठळीचे लिटर न देता कागदाचे किंवा लाकडाच्या दाण्यांचे द्यावे.

खर्च टाळण्यासाठी आपल्या भागात जे पर्याय वापरले जातात, त्यांबद्दल थोडे सविस्तर सांगणे गरजेचे वाटते. नदीची बारीक वाळू मांजराला फार आवडते. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर मांजरे का जातात, याचे उत्तर त्यातच आहे. वाळू चाळून, धुऊन, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून वापरता येते, पण ती लघवी धरून ठेवत नाही, खाली झिरपू देते, त्यामुळे तीन-चार दिवसांनी सगळी बदलावी लागते. लाकडाचा भुसा हलका आणि स्वस्त असला तरी पायाला चिकटून घरभर होतो, आणि त्यात रंग किंवा वाळवीच्या औषधाचा अंश असलेल्या लाकडाचा भुसा मिसळलेला नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. शेतातली काळी माती बेंटोनाइटसारखीच पाणी पिऊन फुगणाऱ्या खनिजांची असते, म्हणून ती चालेल असे वाटते. प्रत्यक्षात ती ओली झाली की पंजाला चिखलासारखी चिकटते आणि मांजर एकदा फसले की परत पाय टाकत नाही. चुलीची राख अजिबात वापरू नये. जुन्या घरांत मांजरे चुलीतल्या राखेत जात असत हे खरे, पण ओली राख क्षारयुक्त होते, मांजर पंजे चाटते आणि तिची धूळ नाकातोंडात जाते.

आपल्या मांजराला काय आवडते हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे दोन सारखे बॉक्स शेजारी ठेवून त्यांत वेगवेगळे लिटर घालणे आणि दहा दिवस कोणता जास्त वापरला जातो ते मोजणे. एकाच वेळी लिटर, बॉक्स आणि जागा अशा तिन्ही गोष्टी बदलल्या तर गुण कशाचा आला हे कळत नाही. जुने लिटर बदलायचे असेल तर आठ-दहा दिवसांत नव्याचे प्रमाण हळूहळू वाढवत न्यावे.

बॉक्सची संख्या मांजरांच्या संख्येपेक्षा एकने जास्त असावी, आणि ते बॉक्स वेगवेगळ्या जागी असावेत. एका ओळीत मांडलेले तीन बॉक्स मांजराच्या लेखी एकच असतात. लघवी आणि शी दिवसातून किमान एकदा, शक्यतो दोनदा काढावी. त्यासाठी वेगळा ठेवलेला जुना स्टीलचा झारा चांगला चालतो. गुठळी धरणारे लिटर दोन ते चार आठवड्यांनी आणि साधे लिटर आठवड्याला पूर्ण बदलून बॉक्स गरम पाणी व सौम्य साबणाने धुवावा.

घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा हा गर्भाला घातक ठरू शकणारा परजीवी पसरू शकतो, पण शीतली बीजे संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे रोज बॉक्स साफ होणाऱ्या घरात हा धोका बराच कमी होतो. सासर-माहेरच्या सल्ल्यावरून मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते. हातमोजे, रोजची सफाई आणि हात धुणे एवढे पुरेसे असते, आणि कच्चे मांस न खाणे व भाज्या नीट धुणे याकडेही तितकेच लक्ष द्यावे.

चौथी पायरी : जागा

बॉक्स मांजराच्या अन्नापासून दूर, शांत आणि सहज पोहोचता येणाऱ्या जागी असावा, आणि तिथून निसटायला एकापेक्षा अधिक वाटा असाव्यात. वॉशिंग मशीनशेजारी ठेवलेला बॉक्स मशीन फिरू लागली की सोडला जातो. खानदेशात आणखी दोन चुका हमखास दिसतात. पहिली, वास नको म्हणून बॉक्स गच्चीत किंवा पत्र्याच्या शेडखाली ठेवणे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी लिटर इतके तापते की पंजा टेकवत नाही. दुसरी, बॉक्स कूलरच्या वाटेत असणे. कूलर सुरू होताच घरघर आणि वारा, दोन्ही मांजराला घाबरवतात, आणि ओल्या हवेने लिटरही दमट होते. फेब्रुवारीअखेर कूलर बसवताना बॉक्सची जागा आधी ठरवून टाकावी.

मोरीत लघवी करणाऱ्या मांजराला पुष्कळ घरांत तशीच मुभा दिली जाते. सोय म्हणून ते समजण्यासारखे आहे, पण पाण्याबरोबर सगळे वाहून गेल्यामुळे लघवीत रक्त होते का, प्रमाण किती होते, हे कळण्याचा मार्ग बंद होतो. भुऱ्याच्या बाबतीत आमचे नेमके हेच झाले.

पाचवी पायरी : घाण झालेली जागा

मांजर वासावरून जागा शोधते, म्हणून वास राहिला की ते परत तिथेच जाते. लघवीतल्या युरिक आम्लाचे क्षार पाण्यात सहज विरघळत नाहीत. उन्हाळ्यात जागा कोरडी व बिनवासाची भासते आणि मृगाच्या दमट हवेत वास पुन्हा उठतो, त्याचे कारण हेच. एन्झाइम असलेले द्रावण यावर सर्वांत परिणामकारक आहे. लघवी जिथपर्यंत मुरली असेल तिथपर्यंत ते मुरू द्यावे, बाटलीवर लिहिलेला वेळ ओले ठेवावे आणि मगच पुसावे. व्हिनेगर किंवा खाण्याच्या सोड्याने वास तात्पुरता दबतो, एवढेच. जुने डाग शोधण्यासाठी अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवावी, लघवीची जागा चमकते.

फिनाईल, डांबराच्या गोळ्या आणि फरशीची जंतुनाशके यांच्यापासून मात्र दूर राहावे. फिनॉलसारखी रसायने शरीराबाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटलेले मांजर आजारी पडू शकते. ब्लीच लघवीवर ओतल्यास त्रासदायक वायू तयार होतो आणि अमोनिया असलेला क्लीनर मांजराला लघवीसारखाच वाटतो.

कापसाच्या गादीत लघवी खोल मुरली असेल तर नुसते ऊन दाखवून उपयोग होत नाही. पिंजाऱ्याकडून तेवढा कापूस काढून बदलून घ्यावा आणि सवय सुटेपर्यंत गाद्या-गोधड्यांवर प्लास्टिकचा कागद टाकावा. स्वच्छ केलेल्या जागी मांजराची जेवणाची ताटली ठेवल्यास बहुतेक मांजरे तिथे घाण करत नाहीत.

सहावी पायरी : घरातला ताण

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घर मुलांनी भरून जाते, आणि त्याच आठवड्यात मांजर अंथरुणात लघवी करते. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, सगळे भाऊबंद जमतात तेव्हाही तेच. दोष पाहुण्यांचा नाही आणि मांजराचाही नाही. ज्या खोलीत बॉक्स असतो तिथेच पाहुण्यांच्या गाद्या पडतात आणि मांजराची वाट बंद होते, एवढेच घडलेले असते. पाहुणे येण्याच्या चार-पाच दिवस आधी एखादी खोली किंवा माडी मांजरासाठी ठरवून तिथे बॉक्स, पाणी, अन्न आणि त्याच्या अंगाचा वास असलेले फडके ठेवावे आणि त्या दाराला मुलांना हात लावू देऊ नये.

दोन मांजरे असतील तर भांडण नेहमी गुरगुरण्यातून दिसत नाही. एक मांजर दाराच्या उंबऱ्यावर आडवे पसरते आणि दुसरे त्याला ओलांडून बॉक्सकडे जात नाही, हाही दांडगाईचाच प्रकार आहे. अशा घरात अन्न, पाणी, झोपण्याच्या उंच जागा आणि बॉक्स हे सगळे दोन वेगळ्या टोकांना मांडावे. रोज ठरल्या वेळी दहा-पंधरा मिनिटे दोरी किंवा पिसाने खेळवणे हा ताणावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. एवढे करूनही महिनाभरात फरक पडला नाही तर ताण कमी करणाऱ्या औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलावे. ती औषधे स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत.

सातवी पायरी : सवय परत लावणे

सवय पूर्ण मोडली असेल तर मांजराला एका लहान खोलीत ठेवावे. ही शिक्षा वाटू नये म्हणून घरातल्या कोणीतरी दिवसातून चार-पाच वेळा तिथे जाऊन बसावे. खोलीत गादी, गालिचा किंवा कपड्यांचा ढीग नको. एका कोपऱ्यात बॉक्स आणि समोरच्या कोपऱ्यात अन्न-पाणी असावे. जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर मांजर बॉक्सकडे वळण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा त्याला उचलून बॉक्समध्ये टाकू नये, फक्त वाट मोकळी ठेवावी, आणि ते बाहेर आल्याबरोबर आवडीचा तुकडा द्यावा. सलग दोन आठवडे एकही चूक झाली नाही तर शेजारची एक खोली उघडावी, आणि तिथे आठवडा नीट गेला की पुढची. मध्येच चूक झाली तर एक खोली मागे यावे.

ज्या जागी ते सतत घाण करत होते तिथेच एक जास्तीचा बॉक्स ठेवला असेल तर तो लगेच उचलू नये. मांजर महिनाभर तो नियमित वापरत असेल तर रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्यावा, आणि घरात आखाजीचे किंवा लग्नाचे पाहुणे येणार असतील तर ते गेल्यानंतरच सरकवायला सुरुवात करावी.